वर्ष बघून पैसे पाठवू नका: जुन्या फँटसी रोल-प्लेइंग खेळांच्या स्वप्रकाशित पुरवण्या कशा जमवायच्या

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतो. पिवळी पडलेली पातळ पुस्तिका, मुखपृष्ठावर तलवार उपसलेला कुणीतरी, आणि आतल्या पानावर बोट ठेवून दाखवलेलं वर्ष: १९७७. खाली प्रश्न, ‘ओरिजिनल आहे ना? पैसे पाठवलेत.’ सगळा घोटाळा शेवटच्या दोन शब्दांत आहे. हा प्रश्न पैसे पाठवण्याआधी विचारायचा असतो.

डंजन्स अँड ड्रॅगन्स आणि त्याच्या भावकीतले खेळ ज्यांना माहीत आहेत आणि १९७४ ते साधारण १९८२ या काळात हौशी खेळाडूंनी पदरमोड करून छापलेल्या पुरवण्या (जादाचे नियम, राक्षस, नकाशे यांच्या पुस्तिका) ज्यांना हव्या आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. न्यू जर्सीत राहणाऱ्याला आणि पुण्यात बसून मागवणाऱ्याला पुढच्या अडचणी वेगळ्या येतात. पहिल्या चार पायऱ्या दोघांनाही सारख्याच, आणि त्या याच क्रमाने चढायच्या.

१. आधी यादी, मग शोध

दिसेल ते जमवायला निघालेला माणूस सहा महिन्यांत दमतो किंवा कफल्लक होतो. एक कोपरा निवडा. कॅलिफोर्नियाचा घ्यायचा तर डेव्हिड हारग्रेव्हचे ‘आर्डुइन’चे पहिले तीन खंड (१९७७-७८), आणि १९७९ ची ‘बूटी अँड द बीस्ट्स’ व ‘द नेक्रोमिकन’ ही जोडी. अ‍ॅरिझोनात केन सेंट आंद्रेचा ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ हा खेळ आहे. १९७५ ची त्याची पहिली छपाई अवघी शंभर प्रतींची. तिची स्वप्नं खुशाल बघा, पैसे मात्र पुढच्या छपायांसाठी बाजूला ठेवा. इलिनॉयमधल्या डिकेटरच्या ‘जजेस गिल्ड’ या प्रकाशकाचा पसारा मोठा आहे आणि त्यातलं बरंचसं अजून आवाक्यात आहे. हात बसवायला मी नवख्यांना तिथेच पाठवतो.

वहीत किंवा एक्सेलमध्ये चार रकाने करा:

- पुस्तिकेचं नाव, मुखपृष्ठावर छापलंय अगदी तसं
- प्रकाशक आणि त्याचा छापलेला पत्ता
- माहीत असलेल्या छपाया आणि प्रत्येकीची खूण
- आत काय काय असायला हवं: पानांची संख्या, नकाशे, सुटे कागद, कार्डं

चौथा रकाना बहुतेक जण रिकामा ठेवतात आणि मग तिथेच फसतात. १९७६ चं ‘पॅलेस ऑफ द व्हँपायर क्वीन’ घ्या. त्यात वाचायला मजकूर असा फारसा नाहीच. मजल्यांचे नकाशे आणि खोल्यांचे तक्ते हाच ऐवज, त्यामुळे एक कागद हरवला की राजवाड्याचा एक मजलाच गेला. विक्रेता मात्र प्रामाणिकपणे ‘कंडिशन छान’ लिहितो, कारण उरलेले कागद खरंच छान असतात.

रकाने भरायला डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या संग्राहकांनी उभी केलेली ‘द एकेअम’ ही सूची उपयोगी पडते. जुन्या लिलावांतले फोटोही साठवत चला.

पडताळणी: तिसरा आणि चौथा रकाना भरलेला नसेल, तर ती पुस्तिका अजून ‘विकत घ्यायच्या’ यादीत नाही. ती ‘अभ्यास करायच्या’ यादीत आहे.

२. छपाई ओळखा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

मराठी पुस्तकांमुळे आपल्याला एक सवय लागलेली असते. ‘पहिली आवृत्ती’, ‘पुनर्मुद्रण’ असं मागच्या पानावर तारखांसकट लिहिलेलं असतं. या पुरवण्यांवर ते बहुधा नसतं. असतं ते कॉपीराइटचं वर्ष, आणि ते मजकुराचं वर्ष असतं, त्या कागदाचं नव्हे. १९७७ चा मजकूर पुढे चार वेळा छापला तरी पानावर १९७७ च राहतं. म्हणून वर्षाचं पान बाजूला ठेवा आणि बाकीच्या खुणा बघा.

*मजकुरातल्या खुणा.* हारग्रेव्हने ‘द आर्डुइन ग्रीमॉयर’मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्सचा उल्लेख सरळ नाव घेऊन केला होता. डंजन्स अँड ड्रॅगन्स छापणाऱ्या टीएसआर कंपनीची कायदेशीर तंबी आली आणि नंतरच्या छपायांत ते उल्लेख पुसून, वर टाइप करून झाकले गेले. त्यामुळे ‘आर्डुइन’ समोर आलं की माझा पहिला प्रश्न असतो: नाव उघडं आहे की झाकलेलं? टीएसआरच्या स्वतःच्या पुस्तिकांतही अशी एक खूण आहे. टोलकीनच्या हक्कदारांकडून तक्रार आल्यावर ‘हॉबिट’ गेले आणि त्यांच्या जागी ‘हाफलिंग’ आले. एवढा एक शब्द शोधला तरी लवकरची छपाई आणि उशिराची छपाई वेगळी काढता येते.

*प्रकाशकाचं नाव.* ‘आर्डुइन’ हारग्रेव्हनंतर ग्रीमॉयर गेम्सकडून आलं, आणि बऱ्याच वर्षांनी एम्परर्स चॉइसकडून. मथळ्यात नुसतं ‘व्हिंटेज आर्डुइन’ लिहिलेलं असेल तर तिन्हींपैकी काहीही निघू शकतं.

*पट्टी.* आता माझी फजिती. एका पुस्तिकेचं वर्णन होतं ‘मूळ अमेरिकी प्रत’, विक्रेता युरोपातला. पार्सल आलं, कागद जुनाट, पिना गंजलेल्या, मी खूश. मग मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी घेतली. पंधरा सेंटिमीटरची ती पट्टी दोनदा ठेवून मोजलं: उंची २१० मिलिमीटर, रुंदी १४८. खेळ खलास. अमेरिकेत लेटर आकाराचा कागद चालतो, २१६ बाय २७९ मिलिमीटर. तो मधोमध दुमडला की २१६ उंच आणि जेमतेम १४० रुंद पुस्तिका होते. २१० बाय १४८ म्हणजे दुमडलेला ए-फोर, आणि तो कागद अमेरिकेच्या छापखान्यात नसतो. कडा कापल्याने पुस्तिका आखूड होईल, पण रुंद कशी होणार? माझ्या हातात होती ती कुणीतरी युरोपात काढलेली झेरॉक्स, आणि तीही तिच्या परीने जुनी.

थांबा: हे माप अमेरिकी पुस्तिकांसाठी आहे. ब्रिटनमध्ये त्याच काळात निघालेली हौशी नियतकालिकं ए-फोर किंवा ए-फाइव्ह आकाराचीच असणार. तिथे हा नियम लावून अस्सल माल परत पाठवू नका.

*छाप.* पान दिव्याखाली तिरकं धरा. ऑफसेटची शाई कागदात मुरलेली, मंद दिसते. झेरॉक्सचा टोनर कागदावर बसतो, किंचित चमकतो, आणि घडीवर त्याचे टवके उडतात. चित्रांतल्या करड्या भागात ठिपके एकमेकांत मिसळून चिखल झाला असेल, तर छापलेल्या पानावरून पुन्हा प्रत काढलेली आहे.

छाप ऑफसेटची नाही म्हणजे नक्कलच, असंही मात्र नाही. ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ या खेळाचं १९७४ चं पहिलं रूपच सायक्लोस्टाइलवर काढलेल्या पन्नासेक प्रतींचं होतं. मूळ कशावर छापलं होतं हे तिसऱ्या रकान्यात असायला हवं, ते यासाठी.

*बांधणी.* घरी दुमडून पिना मारलेल्या जाडसर पुस्तिकेत मधली पानं बाहेर डोकावतात, कडेला पाचर दिसते. कडा सफाईने कापलेल्या असतील तर गिलोटिनवर गेलेली प्रत आहे. तेवढ्यावरून अस्सल की नक्कल ठरत नाही, पण त्याच छपाईच्या दुसऱ्या प्रतीशी जुळवून बघता येतं. पिनांभोवती गंजाचा डाग कागदात उतरलेला असावा. चकचकीत पिना आणि शेजारी रिकामी जुनी भोकं दिसली, तर पुस्तिका उघडून पुन्हा जोडलेली आहे. अशा वेळी मधलं एखादं पान बदललेलं असू शकतं.

*नोटा तपासायचा यूव्ही दिवा.* दुकानदाराकडे असतो तोच. तो वापरताना लोक एक चूक करतात: पान निळसर चमकलं की ‘नवा कागद’ म्हणून मोकळे होतात. कागद पांढरा दिसावा म्हणून घालायची चमकणारी द्रव्यं १९५० च्या दशकापासून वापरात आहेत, त्यामुळे चमक हा पुरावा होत नाही. दिव्याचं खरं काम तुलनेचं. बाकी सगळी पानं मंद आणि दोनच चमकतात, असं दिसलं तर त्या दोन पानांबद्दल विचारा.

*हमखास अपशकुन.* १९७० च्या दशकातली म्हणून विकल्या जाणाऱ्या पुस्तिकेवर तेरा आकडी आयएसबीएन (ते आकडे २००७ पासूनचे), शेवटच्या पानावर प्रिंट-ऑन-डिमांडचा बारकोड, किंवा ‘ओपन गेम लायसन्स’चा मजकूर (ते लायसन्सच २००० सालचं). यातलं एक जरी सापडलं तरी हातात नवं पुनर्मुद्रण आहे. खेळायला उत्तम, संग्रहाच्या भावाने घ्यायचं नाही.

३. विक्रेत्याकडून फोटो मागवा

एकाच निरोपात, एकदाच, हे मागा:

- पुढचं आणि मागचं मुखपृष्ठ, पट्टी शेजारी ठेवून
- कॉपीराइटचं पान आणि सगळ्यात शेवटचं पान
- मधलं जोडपान, पिना स्पष्ट दिसतील असं
- सुटे नकाशे, कागद, कार्डं, सगळं टेबलावर पसरून एका फोटोत
- तुमच्या तिसऱ्या रकान्यातल्या खुणेचं पान

पोलिसी चौकशीचा सूर नको. विकणारा बरेचदा काकांचं किंवा वडिलांचं तळघर आवरत असतो आणि त्याला या खेळाचं ओ की ठो माहीत नसतं. ‘ही पहिली छपाई आहे का?’ असं विचारलंत तर तो तुम्हाला बरं वाटावं म्हणून ‘हो’ म्हणेल. ‘अमुक पानावरच्या दुसऱ्या परिच्छेदाचा फोटो द्याल का?’ म्हटलं की खरं उत्तर मिळतं. पानं मोजायला सांगा आणि ‘छापलेले आकडे नव्हे, प्रत्यक्ष पानं’ हेही लिहा.

थांबा: दोनदा विचारूनही मधल्या पानाचा फोटो येत नसेल तर सोडून द्या. कितीही दुर्मिळ असो. हा माझा नियम आहे आणि तो मोडला त्या प्रत्येक वेळी मला पस्तावावं लागलं.

४. भाव

कुणी किती मागतंय याला अर्थ नाही. किती रुपयांना विकलं गेलं ते बघा. ईबेवर ‘सोल्ड’ गाळणी लावली की साधारण गेल्या नव्वद दिवसांतले झालेले सौदे दिसतात. खरंच दुर्मिळ वस्तू नव्वद दिवसांत एकदाही विकली जात नाही, म्हणून दर दोन महिन्यांनी स्वतः नोंदी करत राहा. वर्षभरात तुमच्याकडे बाजारभावाचं असं टिपण तयार होतं जे आयतं कुठेच मिळत नाही.

तुलना त्याच छपाईशी आणि तितक्याच पूर्ण प्रतीशी करा. लिलावात आपला कमाल आकडा आधी कागदावर लिहा आणि तो एकदाच टाका. पद्धतच अशी आहे की समोरचा जितकं चढवेल तेवढंच पुढे सरकतं. रात्री दीड वाजता ‘अजून दहा डॉलर’ करत बसणं हा वेगळा खेळ आहे, त्याला फासे लागत नाहीत.

नव्या झीनांचं गणित उलटं

२००० नंतरच्या, विशेषतः २००८ पासूनच्या जुन्या शैलीतल्या स्वप्रकाशित पुस्तिकाही (छोट्या, हौशी पुस्तिकांना झीन म्हणतात) आता दुर्मिळ होऊ लागल्या आहेत. इथे ओळख पटवणं सोपं, वेळ गाठणं अवघड. लोकांकडून आगाऊ पैसे जमवायच्या किकस्टार्टर या संकेतस्थळाने फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘झीन क्वेस्ट’ सुरू केल्यापासून छोट्या छपायांचा पूर आला. मोहीम चालू असताना घेतली तर छापील किमतीत मिळते, नंतर शोधत बसावं लागतं. म्हणून लेखकाकडून थेट घ्या, पीडीएफसकट घ्या, आणि छापील प्रत किती दिवसांत निघणार हे वाचून घ्या.

छपायांचा गोंधळ इथेही आहे. ‘कार्कोसा’ हे पुरवणीचं पुस्तक २००८ मध्ये लेखकाने स्वतः काढलं, तेही मूळ आणि काटछाट केलेलं अशा दोन रूपांत. मग २०११ मध्ये दुसऱ्या प्रकाशकाकडून जाड पुठ्ठ्याचं पुस्तक आलं. नुसतं नाव टाकून शोधलंत तर तिन्ही एका रांगेत येतील.

५. पैसे आणि पार्सल

भारतातून घेणाऱ्यांनी लिलावाच्या आधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन कार्डाचे परदेशी ऑनलाइन व्यवहार चालू आहेत का ते बघावं. ऑक्टोबर २०२० पासून नव्या कार्डांवर ते मुळात बंद असतात. लिलाव जिंकून कार्ड नाकारलं गेलं की विक्रेत्याला तोंड दाखवायची सोय राहत नाही.

पेपालवर ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ने पैसे पाठवू नका. फी वाचते म्हणून विक्रेते सुचवतात, पण त्यात खरेदीदाराला संरक्षण नसतं.

अमेरिकेतली स्वस्त टपालसेवा ‘मीडिया मेल’ फक्त देशांतर्गत आहे. विक्रेत्याने चार डॉलर शिपिंग लिहिलंय ते पुण्यापर्यंतचं नव्हे. तिकडे मावसभाऊ किंवा मैत्रीण असेल तर त्यांच्या पत्त्यावर मागवा आणि सुट्टीत बॅगेतून येऊ द्या. माझ्या संग्रहातला निम्मा माल केसरी वड्यांचे रिकामे डबे घेऊन परत आलेल्या नातेवाइकांच्या बॅगेतून आलाय. वाट बघावी लागते, पण पुस्तिका सपाट येते.

थेट मागवायचं असेल तर सीमाशुल्काच्या चिठ्ठीवर ‘छापील पुस्तिका’ असंच लिहायला सांगा. वस्तू खरोखर तीच आहे. विक्रेते सवयीने ‘गेम’ लिहितात आणि पार्सल खेळण्यांच्या वाटेला लागतं. छापील पुस्तकांवर २०१९ च्या अर्थसंकल्पात ५ टक्के मूळ सीमाशुल्क आलं, तर खेळण्यांवरचं शुल्क २०२० मध्ये ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेलं. शिवाय कुरियरची हाताळणी फी वेगळी लागते, तीही हिशेबात धरा.

थांबा: ‘गिफ्ट लिहून पाठवा’ असं सांगू नका. भेट म्हणून शुल्क चुकवून वस्तू आणायची वाट डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली. किंमत कमी दाखवलीत तर पार्सल हरवल्यावर भरपाईही तेवढीच मिळेल.

बांधणीबद्दल एक वाक्य पुरतं: प्लॅस्टिकच्या पिशवीत, दोन कडक पुठ्ठ्यांच्या मधे, आणि चिकटपट्टी पुस्तिकेला नव्हे तर पुठ्ठ्याला.

६. पार्सल उघडताना

फोन टेबलावर टेकवून व्हिडिओ चालू करा. न थांबवता पाकिटाचा पत्ता, उघडणं, आणि पहिलं पान ते शेवटचं पान दाखवा. मग पट्टी, दिवा, चौथा रकाना, याच क्रमाने. परत करण्याची मुदत त्याच दिवसापासून मोजली जाते. ‘रविवारी निवांत बघू’ म्हणणाऱ्यांचे रविवार मला माहीत आहेत.

७. पावसाळा

अमेरिकी संग्राहकांचे सल्ले कोरड्या तळघरासाठी असतात. आपल्याकडे जुलैत कपाटातली दिवाळी अंकांची थप्पीसुद्धा ओलसर लागते, आणि या पुस्तिकांचा कागद आणि पिना त्याच जातीच्या आहेत.

१. पार्सल आल्यावर पुस्तिका दोन-तीन दिवस पंख्याच्या खोलीत, उन्हापासून लांब, उघडी ठेवा. ओल आत असताना बंद केलीत तर बुरशी तुम्हीच पाळलीत.

२. कसरीची शंका असेल तर झिपच्या पिशवीत घालून, हवा दाबून काढून, आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका, नाहीतर थंड कागदावर दव जमेल.

३. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं घ्या. स्टेशनरीच्या दुकानातली मऊ, वास येणारी पीव्हीसीची पाकिटं नकोत, त्यांना शाई चिकटते. आणि ए-फाइव्ह मापाची घेऊ नका, २१६ मिलिमीटरची पुस्तिका वरून सहा मिलिमीटर बाहेर राहते. कोपरे तिथेच दुमडतात.

४. पाकिटात आम्लविरहित पुठ्ठा, डब्यात रंग बदलणारं सिलिका जेल, आणि महिन्यातून एकदा तपासणी. जेलचा रंग बदलला की ते तापवून सुकवा.

५. पिना गंजल्या म्हणून काढू नका. पिनेखाली आम्लविरहित कागदाची बारीक पट्टी सरकवा, पुरे.

जांभळ्या अक्षरांची, स्पिरिट डुप्लिकेटरवर काढलेली पानं असतील तर त्यांना उजेड वर्ज्य. तो रंग उन्हात उडतो, आणि फोटोसाठी खिडकीत ठेवायचा मोहही तिथे आवरायचा.

डांबरगोळ्या अजिबात नकोत. मी एका पावसाळ्यात टाकल्या होत्या. त्या डब्यातलं ‘टनेल्स अँड ट्रोल्स’चं साहस आजही उघडलं की आजीच्या ट्रंकेतल्या शालूचा वास येतो, आणि मित्र खेळायला बसले की नाक धरतात.

८. नोंद

प्रत्येक पुस्तिकेसाठी एक ओळ, पेनाने नव्हे, आणि पुस्तिकेवर तर नाहीच. पाकिटाच्या मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने. माझ्या एका पुठ्ठ्यावर असं लिहिलंय: ‘उंची २१५, रुंदी १३९. नाव झाकलेलं, म्हणजे पहिली छपाई नाही. पानं मोजली, पूर्ण. वरची पिन गंजलेली, खालची बरी. मागच्या मुखपृष्ठावर निळ्या बॉलपेनने कुणाचे तरी हिट पॉइंट्स, ११ वरून ३ वर आलेले. खोडू नये.’